काठावरचे पाय

माझा बाप गड्डीगोदामात जोडे शिवायचा,
मी पाय करतो.
घराची प्रगती म्हणायची ती एवढीच,
असं मीच म्हणतो आणि मीच हसतो.

जानेवारीत सुभेदार उईकेंचा फोन आला:
"मिस्त्री, खिंडसीला चाल. तीन दिवस.
अकरा जण आहोत, अस्सल पाय चौदा."
मी पान्यांचा डबा घेतला, मोजे, गोंद, पावडर,
आणि कामठीहून निघालेल्या गाडीत
मागच्या सीटवर बसलो, सुट्या भागांसोबत.

पहाटे तलावावर वाफ होती,
रामटेकचा डोंगर तिच्यात कंबरेपर्यंत बुडालेला.
नावा अरुंद, दोघादोघांच्या. उईके एकटे.
नावेत पायांना काम नसतं,
म्हणून सगळ्यांनी ते काढले,
काठावर ओळीनं ठेवले
देवळाबाहेर जोडे ठेवावेत तसे.
आठ पाय, एक हात.
"लक्ष ठेव बे," कुणीतरी म्हणालं
आणि गेले.

मी एकेकाला ओळखतो.
हा उईकेंचा, बाहेरच्या अंगानं झिजलेला,
ते उताराशी भांडल्यासारखे चालतात.
हा गजभियेचा, पोटरीवर त्याच्या पोरीनं
स्केचपेननं काढलेला मोर.
आणि हा श्रावण भोयरचा.
कोरा. दोन वर्षांपूर्वी दिला तसाच.
त्याच्या बायकोनं एकदा वर्कशॉपवर फोन केला होता,
"दादा, पाय कोपऱ्यात उभा असते
अन् माणूस पलंगावर."
मी तेव्हा पट्ट्याबद्दल काहीतरी बोललो.
पट्ट्याचंच मला कळतं.

एक कुत्रं आलं, मोर हुंगून गेलं.

नऊच्या सुमारास वारा सुटला
आणि तलावाच्या मधोमध एक नाव उलटली,
पिवळं पोट वर.
भोयर कोणत्या नावेत आहे ते मला माहीत होतं.
मी धावलो. गुडघाभर पाण्यात गेल्यावर कळलं
माझ्या हातात त्याचा पाय आहे.
का उचलला, आजही सांगता येत नाही.

लांबून आधी शिव्या ऐकू आल्या,
मग नारिंगी जाकिटांतली दोन डोकी दिसली,
भोयर आणि तिरपुडे.
उईके नाव आडवी घालत ओरडत होते,
"संत्री धुऊन झाली का बे?"
तेवढ्यात भोयरनं मला पाहिलं,
पाय छातीशी धरून उभा असलेला.
"ओ मिस्त्री! पाण्यात कोण चालते?"

एकाचं हसू सुटलं, ते नावेनावेत पसरलं,
आणखी एक नाव कलंडता कलंडता राहिली.
"हसू नका, बुडाल साल्यांनो," उईके म्हणाले
आणि हसत राहिले.
दोन वर्षांत भोयरचा आवाज
मी पहिल्यांदा ऐकत होतो.

काठावर ते चिखलातून ढुंगणानं घसरत आले.
मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही, हा त्यांचा नियम.
भोयर मागत नव्हता.
तिरपुडे नुसता शेजारी थांबला,
घाई नसल्यासारखा,
असलेल्या हातानं कानातलं पाणी काढत.

त्या रात्री भोयर झोपेत ओरडला.
काय दिसलं, कुणी विचारलं नाही.
एकानं शेकोटीत लाकूड सारलं,
दुसरा उठून बसला, मग तिसरा.
उजाडेपर्यंत पत्ते.
मी अठ्ठावीस रुपये हरलो.

एप्रिलमध्ये, ऊन चव्वेचाळीसवर गेलेलं असताना
भोयर वर्कशॉपात आला, एकटा.
पाय काढून टेबलावर ठेवला.
टाचेचं रबर घासून पार पातळ,
आतल्या बाजूनं जास्त.
म्हणजे हा असा चालतो तर.
मी त्यावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिलो.

"माल खराब देता तुम्ही," तो म्हणाला.

मी नवी टाच लावली.
पैसे घेतले. पूर्ण.